डोकं दुखतं ते मानेमुळेच का?

यवतमाळ जिल्ह्यातला मारेगाव हा कापसाचा तालुका. फवारणीच्या दिवसांत पाठीवर १६ लिटरचा पंप, वेचणीच्या दिवसांत पोटाशी ओटी आणि दिवसभर खाली झुकलेली मान. संध्याकाळी मान आखडते, डोकं ठणकतं आणि घरातच निदान होतं : ‘मानेत गॅप आला.’

मानेमुळे डोकं दुखू शकतं, हे खरंच आहे. मानेच्या वरच्या तीन मणक्यांजवळच्या नसा आणि कपाळ-डोळ्यांकडून येणारी नस, या दोन्हींचे संदेश मेंदूच्या तळाशी एकाच केंद्रात पोचतात. म्हणून दुखणं मानेचं असलं तरी ते कपाळात किंवा डोळ्यामागे जाणवतं. १९८३ मध्ये नॉर्वेचे डॉक्टर ओटार श्योस्टाड यांनी या डोकेदुखीला स्वतंत्र नाव दिलं. ती बहुधा एकाच बाजूला असते, मानेतून वर चढते, मान वळवली की वाढते.

‘गॅप’चा, म्हणजे मणक्यांच्या झिजेचा, डोकेदुखीशी संबंध मात्र बहुतेक वेळा चुकीचा जोडला जातो. झिजेच्या खुणा जास्त करून मानेच्या खालच्या मणक्यांत दिसतात. तिथली नस दबली तर कळ खांद्यातून हातात उतरते, बोटांना मुंग्या येतात. जपानमध्ये काहीही त्रास नसलेल्या १,२११ लोकांच्या मानेचा एमआरआय काढला, तेव्हा ८७.६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या निघाल्या (२०१५). नुसत्या फोटोवरून डोकेदुखीचं कारण ठरवणं म्हणूनच धोक्याचं आहे. शिवाय अर्धशिशीतही मान दुखते. तिथे मान हे कारण नसून त्या आजाराचंच लक्षण असतं, आणि उपचार वेगळे असतात.

उसण भरली की पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या) माणसाचा पाय लावून घ्यायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. लचक सहसा काही दिवसांत आपोआप उतरते आणि श्रेय पायाला मिळतं. हलका पाय लागला तर बिघडत नाही, पण केस कापल्यावर कटकन मान मोडून घेणं थांबवायलाच हवं. त्या झटक्याने मेंदूकडे रक्त नेणारी धमनी फाटून लकवा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. मानेचा पट्टाही महिनोन् महिने वापरला तर स्नायू दुबळे होतात. फिजिओथेरपिस्टने शिकवलेल्या व्यायामाचा फायदा त्याहून जास्त. आणि महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस वेदनाशामक गोळ्या घेत राहिलं, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती फवारणीच्या दिवसांतल्या डोकेदुखीची. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने किमान २० जणांचा जीव गेला, शेकडो दवाखान्यात भरती झाले. या विषबाधेचीही सुरुवात डोकं दुखण्याने होऊ शकते. सोबत मळमळ, घाम, अंधुक दिसणं, तोंडाला लाळ सुटणं किंवा छाती भरून येणं असेल, तर तो पंपाच्या ओझ्याचा त्रास समजून घरी झोपू नका. कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा. फवारलेल्या औषधाचा डबा किंवा निदान त्याचं लेबल सोबत न्या. कोणतं विष पोटात गेलं किंवा अंगावर पडलं, हे त्यावरूनच डॉक्टरांना लवकर कळतं.