आभाळातून पडलेली कडी

‘उडती तबकडी’ हा शब्द जन्मला तोच गैरसमजातून. २४ जून १९४७ रोजी केनेथ आर्नोल्ड या अमेरिकन वैमानिकाने नऊ चकाकत्या वस्तू उडताना पाहिल्या. पाण्यावर भिरकावलेल्या बशीसारख्या त्या उसळत जात होत्या, असे तो म्हणाला. त्याने चाल सांगितली. वृत्तपत्रांनी तोच आकार मानला. पुढे कथा-चित्रपटांनी त्या तबकडीत परग्रहावरची माणसे बसविली.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळते ठिपके रांगेने सरकत गेले. थोड्याच वेळात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात सुमारे ३ मीटर व्यासाची धातूची कडी पडलेली आढळली. पुढे पवनपार परिसरात एक गोळाही सापडला. लोक घाबरले, आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. घरामागे आभाळातून लोखंडासारखे काही पडले, तर शहरातला माणूसही घाबरेल.

ती उल्का नव्हती. उल्का बहुधा क्षणात विझते. उपग्रहांच्या कक्षेतून खाली येणारे यंत्र त्याहून सावकाश, तुकडे होत, बराच वेळ जळते. पातळ पत्रा वितळतो, पण उच्च दाबाचा वायू कोंडण्यासाठी बनविलेला मजबूत गोळा टिकू शकतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी ‘लाँग मार्च ३बी’ अग्निबाणाचा हा भाग असावा, असे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितले. इस्रोच्या शास्त्रज्ञांनीही तुकड्यांची पाहणी केली.

खाणीत अपघात झाला की आम्ही संघटनेची माणसे प्रथम म्हणतो, तुटलेला भाग हलवू नका. तुकडा नाहीसा झाला की जबाबदारीही नाहीशी होते. अवकाशाचेही तसेच आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अवकाशयानामुळे जमिनीवर झालेली हानी ते सोडणाऱ्या राष्ट्राने भरून द्यायची असते. १९७८ मध्ये सोव्हिएत ‘कॉसमॉस ९५४’ कॅनडात कोसळला. कॅनडाने तुकडे गोळा केले, हिशेब मांडला आणि १९८१ मध्ये ३० लाख डॉलर पदरात पाडून घेतले.

लाडबोरीत सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. पण पुन्हा असे काही पडले, तर हात लावू नका, वेळ लिहून ठेवा, पोलिसांना कळवा. परग्रहावरच्या पाहुण्याकडे भरपाई मागता येत नाही. अग्निबाणाच्या मालकाकडे आपल्या सरकारमार्फत मागता येते. म्हणून ‘हे काय?’ एवढ्यावर न थांबता ‘हे कोणाचे?’ असेही विचारायला शिकले पाहिजे.