इंजिन स्वच्छ करणारी औषधे : निवड व उपयोग

पेरणीची घाई सुरू झाली, जमिनीत वापसा आहे आणि नेमक्या त्याच वेळी ट्रॅक्टर काळा धूर ओकू लागला, की शेतकरी तालुक्याच्या दुकानी धाव घेतो. तेथे इंजिन स्वच्छ करणाऱ्या औषधांच्या रंगीबेरंगी बाटल्या मांडलेल्या असतात. त्यांपैकी कोणती घ्यावी, हा प्रश्न मग गावपातळीवरील कार्यकर्त्याकडे येतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी इंजिनात मळ कोठे साचतो व बाटलीतील द्रव्य कोठपर्यंत पोहोचते, हे समजून घेणे अवश्य आहे.

डिझेल इंजिनात इंधनाची फवारणी इंजेक्टरच्या नोझलमधून होते. साध्या ट्रॅक्टरमध्ये ती सुमारे २०० किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर दाबाने होते आणि नोझलची छिद्रे मिलिमीटरच्या एक ते तीन दशांशांइतकीच बारीक असतात. त्यांच्या तोंडाशी अर्धवट जळालेल्या इंधनाचा कोळसा जमला, की फवारा धुक्यासारखा न राहता धारेसारखा पडू लागतो. असे इंधन पुरते जळत नाही. परिणामी धूर वाढतो, ताकद घटते व डिझेल अधिक लागते. या कोळशावर इंधनात मिसळावयाच्या शुद्धिकारक द्रव्याचा उपयोग होऊ शकतो, कारण ते डिझेलबरोबर थेट त्या छिद्रांतूनच जाते. त्याचे रेणू एका टोकाने मळाला चिकटतात, तर दुसरे टोक इंधनात विरघळलेले राहते. अशा रीतीने मळ थोडा थोडा सुटून जळून जातो.

इंधन जेथे जात नाही, तेथे मात्र ही बाटली पांगळी ठरते. चोंदलेला एअर फिल्टर तिने मोकळा होत नाही. झिजलेली रिंग भरून येत नाही. यास्तव प्रथम धुराचा रंग पाहावा. निळसर धूर म्हणजे वंगण तेल जळत आहे. त्यास रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्हचे गाइड तपासावे लागतात. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर इंधन न जळता बाहेर पडत असावे किंवा सिलिंडरमध्ये पाणी उतरत असावे. काळ्या धुराचे कारण हवा कमी पडणे किंवा इंधन अधिक होणे हे असते, आणि यांपैकी हवेचा दोष सर्वांत सामान्य व सर्वांत स्वस्तात दूर होणारा आहे. समजा, सोयाबीनची मळणी आटोपून ट्रॅक्टर थेट नांगरटीला जोडला आणि तो धूर सोडू लागला. अशा वेळी तेलाच्या एअर क्लीनरची वाटी काढून पाहिल्यास तीत भुसा व धूळ यांचा चिखल झालेला आढळण्याचा संभव मोठा. वाटी धुऊन खुणेपर्यंत नवे तेल भरण्यास अर्धा तास पुरतो. त्याऐवजी तीन बाटल्या टाकीत ओतल्या, तर पैसे जातील आणि वापसाही जाईल.

एअर क्लीनर, डिझेल फिल्टर व टाकीतील पाणी यांची तपासणी करूनही दोष राहिला, तर शुद्धिकारक द्रव्य वापरून पाहण्यास हरकत नाही. बाटली निवडताना ती डिझेलसाठी आहे की पेट्रोलसाठी, हे प्रथम वाचावे. पेट्रोलच्या चांगल्या औषधांत पॉलीइथर अमीन हे द्रव्य असते व ते ज्वलनकक्षातील थरही काढते. तथापि ज्या मोटारींत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्यांच्या आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हला इंधनाचा स्पर्शच होत नाही. म्हणून तेथील काजळी टाकीत काहीही ओतल्याने निघत नाही. डिझेलच्या काही बाटल्यांत केवळ सीटेन वाढविणारे द्रव्य असते. त्याने इंजिन लवकर सुरू होण्यास मदत होते, परंतु मळ निघत नाही. शिवाय आजच्या डिझेलचा सीटेन अंक मानकानुसार किमान ५१ असतोच. पाणी डिझेलमध्ये मिसळवून टाकणारे औषध टाळावे, कारण तसे मिसळलेले पाणी वॉटर सेपरेटरमध्ये वेगळे न होता पंपापर्यंत जाते. पंपाच्या प्लंजर व बॅरलमधील फट दोन-तीन मायक्रोनचीच असते. तेथे पाणी म्हणजे गंज.

१ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना कडक धूर-मानके लागू झाली. त्यांत सामान्यतः कॉमन रेल पद्धतीचे इंजिन असते. अशा ट्रॅक्टरसाठी कंपनीच्या पुस्तिकेत मान्य केलेल्या औषधाखेरीज दुसरे वापरू नये. धातुयुक्त औषधाची राख धुराच्या नळीतील गाळणीत अडकते, आणि हमीचा हक्कही धोक्यात येतो.

औषध घालण्यापूर्वी टाकीच्या तळाचे व सेपरेटरमधील पाणी सोडून द्यावे. बाटली आधी ओतून मग छापील प्रमाणात डिझेल भरावे, म्हणजे मिश्रण चांगले होते. दुप्पट मात्रेने दुप्पट गुण येत नाही, अपाय मात्र होऊ शकतो. ट्रॅक्टर उभा ठेवून गुरगुरत ठेवण्यापेक्षा नांगराला किंवा भरलेल्या ट्रॉलीला जोडून चालवावा. सुटलेला मळ फिल्टरमध्ये साचत असल्याने टाकी संपल्यावर फिल्टर बदलणे इष्ट. दोन टाक्या होऊनही फरक न पडल्यास पुढील बाटली न घेता नोझल काढून टेस्टिंग यंत्रावर तपासून घ्यावे. नोझल तारेने कोरू नये. फवारा पाहण्यासाठी हात तर कधीच पुढे धरू नये, कारण त्या दाबाचे डिझेल कातडीत शिरते व ती जखम वरून लहान दिसली तरी बोट किंवा हात गमावण्याची पाळी येऊ शकते. असे घडल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे.

डिझेलमध्ये रॉकेल मिसळल्याने इंजिन साफ राहते, हा समज चुकीचा आहे. रॉकेलात वंगणाचा गुण कमी असल्याने पंप झिजतो. पेट्रोलमध्ये डांबराच्या गोळ्या टाकण्याची हौसही तशीच निरर्थक होय.

वंगण तेलाची गोष्ट निराळी. चांगल्या डिझेल इंजिन तेलात मळ सोडविणारी व तो तरंगत ठेवणारी द्रव्ये मूळचीच असतात. नवे तेल थोड्याच तासांत काळे पडते ते याचमुळे, आणि ते त्या तेलाचे वैगुण्य नव्हे. वर्षानुवर्षे हयगय झालेल्या इंजिनात फ्लशची पातळ बाटली घातली, तर साचलेल्या गाळाचे तुकडे एकदम सुटून संपमधील जाळी बंद करतात. तेलाचा दाब उतरतो व बेअरिंगे जळतात. अशा इंजिनात पुस्तिकेतील श्रेणीचे तेल व नवा फिल्टर घालून, नेहमीच्या निम्म्या तासांनी दोनदा तेल बदलणे अधिक सुरक्षित असते. त्यास वेळ लागतो, पण क्रँक वाचतो.

या बाटल्या ज्वालाग्राही व विषारी असतात. त्या चुलीपासून व मुलांपासून दूर, कुलपात ठेवाव्यात, आणि रिकामी बाटली पाणी, गोडे तेल किंवा कीटकनाशक भरण्यास वापरू नये.