तळजीवी प्राण्यांद्वारे नदीच्या आरोग्याचे मूल्यमापन

तळजीवी प्राण्यांद्वारे मूल्यमापन ही नदीच्या तळाशी दगड, वाळू व गाळ यांच्या आश्रयाने राहणाऱ्या, नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या अपृष्ठवंशी प्राण्यांवरून पाण्याची प्रत ठरविण्याची पद्धत आहे. कीटकांच्या अळ्या, गोगलगायी, शिंपले, जळवा व कृमी यांचा त्यात समावेश होतो. रासायनिक परीक्षणातून नमुना घेतेवेळची स्थिती कळते. तळजीवी प्राणी मात्र अनेक आठवडे वा महिने जवळपास एकाच जागी राहतात. त्यामुळे रात्री सोडलेले आणि सकाळपर्यंत वाहून गेलेले सांडपाणीही त्यांच्या समूहावर खूण ठेवून जाते.

तत्त्व

सेंद्रिय सांडपाण्याचे विघटन करताना जिवाणू पाण्यातील प्राणवायू वापरतात. प्राणवायू घटताच दगडमाशी व मेफ्लाय यांची अनेक कुले प्रथम नाहीशी होतात. ट्यूबिफेक्स कृमी आणि कायरोनोमस माशीच्या तांबड्या अळ्या शरीरातील हिमोग्लोबिनमुळे अल्प प्राणवायूतही तगतात. या अळ्या स्वच्छ पाण्यातही आढळू शकतात. इतर प्राणी नाहीसे होऊन केवळ त्याच उरणे हे प्रदूषणाचे लक्षण होय.

पद्धत

हातजाळीचे तोंड प्रवाहाच्या दिशेकडे ठेवून तिच्यापुढील तळ पायाने ढवळतात. जाळीत आलेले प्राणी कुलांनुसार ओळखून प्रत्येक कुलास त्याच्या संवेदनशीलतेनुसार १ ते १० गुण देतात. ही गुणपद्धती ब्रिटनमध्ये १९७६ साली नेमलेल्या कार्यगटाने विकसित केली. भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक निकषांत सरासरी गुणांना विविधता निर्देशांकाची जोड देऊन ‘स्वच्छ’ ते ‘अतितीव्र प्रदूषित’ असे पाच वर्ग केले आहेत.

शिरूर व दौंड तालुके

पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी वाहून आणणारी मुळा-मुठा नदी रांजणगाव सांडस येथे भीमेस मिळते. त्यापुढे भीमा शिरूर व दौंड तालुक्यांच्या सीमेवरून वाहते व पुढे दौंड शहराजवळून उजनी जलाशयाकडे जाते. संगमाच्या वर दोन्ही नद्यांत व खाली ठरावीक अंतरांवर नमुने घेतल्यास शहरी सांडपाण्याचा परिणाम कोठवर टिकतो, हे तळजीवींवरून दाखविता येते. संगमाच्या वरची भीमाही निर्मळ मानता येत नाही, कारण तुळापूर येथे तिला इंद्रायणी मिळालेली असते.

मर्यादा

शिरूरजवळून वाहणाऱ्या घोड नदीचा प्रवाह पाऊस व धरणांतील विसर्ग यांवर अवलंबून असतो. पात्र कोरडे पडल्यास किंवा वाळू उपसल्यास प्रदूषण नसतानाही तळजीवी नष्ट होतात. सह्याद्रीतील थंड, खळाळत्या ओढ्यांशी पठारावरील संथ नद्यांची तुलनाही दिशाभूल करते. म्हणून तुलनेचे ठिकाण त्याच प्रकारच्या नदीवर निवडावे लागते. तसेच पाणी पिण्यास योग्य आहे की नाही, हे या पद्धतीने ठरत नाही. त्यासाठी जिवाणू व रासायनिक परीक्षणच आवश्यक असते.