नायिकेनंतर काय?

पॅरामॅटाच्या रिव्हरसाइड थिएटर्समधून नाटक बघून बाहेर पडताना तुम्हाला कधी प्रश्न पडलाय का, की नायिकेच्या भूमिका मिळेनाशा झाल्यावर अभिनेत्री पुढे काय करते?

हे नाट्यगृह १९८८ साली सुरू झालं. त्याच वर्षी दूरदर्शनवर 'वागळे की दुनिया' आली. मालिका कोणाच्या संस्थेची? दुर्गा खोटे यांची. १९३२च्या 'अयोध्येचा राजा'मध्ये तारामती झालेल्या, त्याच दुर्गाबाई!

त्या काळात प्रतिष्ठित घरातल्या बाईने सिनेमात जाणं म्हणजे लोकांच्या तोंडी लागणं. घर चालवायचं होतं, म्हणून त्या गेल्या. पण नुसत्या भूमिकांची वाट बघत बसल्या नाहीत. १९३७ मध्ये त्यांनी स्वतः 'साथी' हा सिनेमा काढला. मराठी रंगभूमीवर शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मध्ये काम केलं. १९६०च्या 'मुघल-ए-आझम'मध्ये त्या जोधाबाई, म्हणजे सलीमची आई झाल्या. पुढे जाहिरातपट, माहितीपट काढणारी स्वतःची संस्था उभारली.

कॅमेऱ्यासमोर बाईचं वय मोजलं जातं, निर्मातीच्या खुर्चीत फारसं नाही. दुर्गाबाईंनी ती खुर्ची स्वतःच मांडली. म्हणून पुढच्या वेळी नाटकाला गेलात, की श्रेयनामावलीत 'निर्माती' कोण आहे, तेही जरूर वाचा.