‘टर्टल’ची प्रतिकृती

कनेटिकट नदीकाठी, एसेक्स येथील संग्रहालयात, १९७६ साली जोसेफ लिअरी आणि फ्रेड फ्रीस यांनी घडवलेली ‘टर्टल’ या लाकडी पाणबुडीची पूर्णाकृती प्रतिकृती आहे. तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिल्यावर माझे लक्ष तिच्या इतिहासावरून उडून एकाच प्रश्नावर स्थिरावले: असल्या अरुंद पोटात माणसाला बसवून ती खरोखर पाण्यात उतरवावयाची, तर त्याच्या जिवाची हमी कशी द्यावी?

मूळ नौका डेव्हिड बुशनेल याने १७७५ साली बांधली. दोन कासवपाठी समोरासमोर जोडाव्यात तसा तिचा आकार असल्याचे त्यानेच १७८७ साली थॉमस जेफरसन यांना कळविले. सागरात केवळ सहा फूट खाली गेले तरी प्रत्येक चौरस फुटावर पावणेचारशे पौंडांहून अधिक भार पडतो. म्हणून दोन्ही बाजू आत दबू नयेत या हेतूने बुशनेलने मध्ये एक भक्कम आडवे लाकूड बसविले आणि तेच नाविकाचे आसन केले. प्रतिकृतीकाराने या लाकडाशी आणि सांध्यांतल्या डांबराशी तडजोड करता कामा नये, कारण तेथील कसूर पाणी तत्काळ उघडकीस आणते.

हवेचा धोका मात्र दिसत नाही. आतील हवा अर्धा तास पुरेल असा बुशनेलचा हिशेब होता. परंतु बंदिस्त जागेत प्राणवायू पुरता संपण्याच्या कितीतरी आधी श्वासातून साठलेला कर्बवायू माणसाचे भान हरपवितो, आणि त्या काळी तो मोजण्याचे साधन नव्हते. आज ते आहे, आणि ते आत ठेवणे अगत्याचे आहे. पाणबुडे सोबत असावेत, वर यारी सज्ज असावी, नौकेला दोर बांधलेला असावा. मात्र नौका पुढे नेणारा पंखा फिरविण्यासाठी यंत्र बसवू नये, असे माझे ठाम मत आहे. एका हाताने पंखा, दुसऱ्याने सुकाणू, पायाने पाणी आत घेण्याची झडप, आणि वर येण्यासाठी पितळी पंपांनी तेच पाणी पुन्हा बाहेर फेकणे, हे सारे एकट्या माणसास साधते काय, हाच तर प्रतिकृतीने सोडवावयाचा प्रश्न आहे. १७७६ च्या सप्टेंबरात, बुशनेलचा सरावलेला भाऊ आजारी पडल्यामुळे, एझ्रा ली या सार्जंटास न्यूयॉर्क बंदरात ‘ईगल’ या ब्रिटिश युद्धनौकेखाली जावे लागले. दारूचा साठा अडकविण्याचा स्क्रू तिच्या तळात शिरेना, तेव्हा दोष हत्याराचा होता की थकलेल्या हातांचा, याचा निवाडा कागदावर होण्यासारखा नाही.

दारूचा साठा अर्थातच वगळावयाचा. परंतु एक तजवीज बुशनेलनेच करून ठेवली आहे: नऊशे पौंड शिशाच्या नीरमापैकी दोनशे पौंड आतूनच खाली सोडता येत, आणि तेवढे सुटताच नौका वर येई. ते शिसे सोडण्याची कळ अंधारातही हाताला सापडेल अशीच राहू द्यावी, आणि पहिल्या बुडीपूर्वी उथळ पाण्यात ती प्रत्यक्ष चालवून पाहावी.