बीपीचं मशीन विकायचंय? आधी हे ऐका

पापड-मसाल्यांपलीकडे काय विकावं, हा प्रश्न आपल्या गटांच्या बैठकीत नेहमी निघतो. आज वैद्यकीय उपकरणांबद्दल बोलू. बीपीचं मशीन, ग्लुकोमीटर, थर्मामीटर ही त्यातली घरोघरी लागणारी.

१ एप्रिल २०२० पासून अशी उपकरणं कायद्यानं 'औषध' मानली जातात. म्हणून औषधविक्रीचा परवाना नसेल, तर एमडी-४२ नमुन्यातलं नोंदणी प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे ते अन्न व औषध प्रशासन देतं. त्यासाठी दुकानात एक जाणकार व्यक्ती हवी: पदवीधर, नोंदणीकृत फार्मासिस्ट, किंवा बारावी होऊन या विक्रीचा वर्षभराचा अनुभव असलेली. म्हणजे आपली बी.ए. झालेली सूनही चालते! बारावी झालेल्या मुलीनं आधी नोंदणी असलेल्या दुकानात वर्षभर काम करावं आणि अनुभवाचं पत्र मागून घ्यावं.

विकताना मशीन लावून दाखवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला, तर बीपी उगाच जास्त दिसतं. साखर तपासायच्या पट्ट्यांची मुदत बघा, डबी घट्ट लावायला सांगा. चुकीच्या आकड्यावर कुणी इन्सुलिन कमी-जास्त केलं, तर जिवावर बेततं. मशीन आपण विकू. औषध मात्र डॉक्टरच ठरवतील.