लेवींच्या वाट्याला जमीन का नव्हती?

कनान देशाची भूमी इस्राएलच्या वंशांमध्ये चिठ्ठ्या टाकून वाटली गेली, तेव्हा एका वंशाला शेतजमीन मिळालीच नाही, असे बायबल सांगते. हा वंश लेवीचा. याजकांचा आणि उपासनास्थानाच्या सेवकांचा. योसेफाच्या एफ्राईम व मनश्शे या दोन पुत्रांचे स्वतंत्र वंश धरल्यामुळे वाटे बाराच राहिले. लेवींचा वाटा मात्र प्रत्यक्ष परमेश्वर, असे ठरले.

या वाट्यासाठीचा हिब्रू शब्द 'नहला'. मराठी बायबलने त्यासाठी 'वतन' हा शब्द योजला, तो समर्पक आहे. वतनात पिढीजात हक्क असतो आणि त्याला जोडलेले कर्तव्यही.

लेवीय ग्रंथाच्या २५व्या अध्यायानुसार भूमीचा खरा धनी ईश्वर. इस्राएली लोक तिच्यावरचे उपरे. म्हणूनच जमीन कायमची विकण्यास मनाई होती. विकलेले शेत ५०व्या, म्हणजे योबेल वर्षी मूळ कुटुंबाकडे परत यावे, असा नियम होता. किंमतही तोवर निघणाऱ्या पिकांच्या हिशेबाने ठरे. या नियमाचा अंमल प्रत्यक्षात झाल्याचे ठोस पुरावे मात्र नाहीत.

वतन घराण्याबाहेर जाऊ नये, ही चिंता अन्यत्रही दिसते. सलाफहादाच्या पाच मुलींनी, भाऊ नसल्याने, पित्याचा वाटा मागितला आणि तो मिळवला. परंतु विवाह स्ववंशातच करण्याचे बंधन त्यांच्यावर आले. इसवी सनपूर्व नवव्या शतकातील अहाब राजाने इज्रेल येथील नाबोथाचा द्राक्षमळा मागितला. मोबदला देऊ केला असतानाही वाडवडिलांचे वतन देण्यास नाबोथाने नकार दिला. खोट्या आरोपाखाली त्याला दगडांनी ठार मारण्यात आले. एलीया संदेष्ट्याने त्याबद्दल राजाला दोषी ठरवले. वतनापुढे राजसत्तेलाही मर्यादा आहे, हा त्याचा अर्थ.

लेवींना राहण्यासाठी ४८ नगरे व भोवतालची कुरणे होती. निर्वाह मात्र इतरांनी दिलेल्या दशमांशावर. म्हणूनच अनुवाद ग्रंथात परका, अनाथ आणि विधवा यांच्या जोडीने लेवीचेही नाव येते. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात नहेम्याच्या काळी लोकांनी दशमांश देणे थांबवले, तेव्हा लेवी सेवा सोडून शेतांकडे परतले. लेवींचे आध्यात्मिक वतन अखेर इतरांच्या धान्याच्या राशीवरच उभे होते. ती रास आटताच मंदिर ओस पडू लागले.